ताई, राजीनामा आत्ता देऊ नका

आलेलं पत्र, थोडं कमी करून आणि ओळख पटेल असं काही न ठेवता:

"काकू, सलाम. मी मिरजेला स्टाफ नर्स आहे, मिस्टर कुपवाड एमआयडीसीत कामाला आहेत, मुलगी नववीत आणि मुलगा पाचवीत. गेल्या हंगामात आष्ट्याकडे जाताना ऊसतोडवाल्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, बघितल्या, एक सात-आठ वर्षांची मुलगी तान्ह्या भावाला कडेवर घेऊन चुलीपुढं बसलेली, ती काही डोळ्यांसमोरून जात नाही. त्याच आठवड्यात वाचनाला बायबलमधला यशया ५८ आला, भुकेल्याला आपलं अन्न वाटून द्या तो. मग कन्व्हेन्शनला बाहेरून आलेल्या ब्रदरनी माझ्यासाठी प्रार्थना करताना सांगितलं की तुझ्याभोवती खूप मुलं दिसतायत. मला वाटतं प्रभू मला या मुलांसाठी होस्टेल काढायला बोलावतोय. माझी मैत्रीण अमेरिकेत असते, तिची चर्च पैसे द्यायला तयार आहे, ती म्हणते लवकर ट्रस्ट कर आणि मुलांचे फोटो पाठव. आमचे पाळकसाहेब म्हणतात थांब, प्रार्थना कर. सासूबाई म्हणतात आधी घरातली पोरं बघ. मिस्टर काहीच बोलत नाहीत. नाइट ड्युट्या करून मी पार थकलेय, दिवाळीनंतर राजीनामा द्यावा असं मनात आहे. हे खरंच देवाचं पाचारण आहे की माझ्या मनाचा खेळ, कसं ओळखायचं? आणि मी नाही ऐकलं तर माझं योनासारखं होईल का?"

ताई, सलाम.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण मला वाटतं झोप त्यानंच उडालीय. योनाला काय करायचं हे नीट माहीत होतं. निनवेला जा, हे सांग, एवढं स्पष्ट. त्याला कळलं नव्हतं असं नाही, त्याला जायचंच नव्हतं आणि म्हणून तो उलट्या दिशेच्या जहाजात बसला. तुमचं तसं अजिबात नाही. तुम्हाला जायचंय, फक्त कुठं आणि कसं हे कळत नाहीये, आणि ज्याला कळत नाही म्हणून जो थांबून विचारतो त्याला देव वादळात टाकतो असं बायबलमध्ये कुठं दिसत नाही. उलट त्याच पुस्तकात तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला देवाचं वचन योनाकडं दुसऱ्यांदा आलंय. पळून गेलेल्या माणसालासुद्धा तो परत सांगतो, मग दारात उभं राहून विचारणाऱ्या बाईला नाही का सांगणार. तेव्हा ही भीती आधी बाजूला ठेवा. घाबरवून, घाई करून, आत्ता नाही तर कधीच नाही असं म्हणत जे मनात येतं ते बहुतेक वेळा प्रभूकडून नसतं असं माझं ठाम मत आहे.

आता मूळ प्रश्न. तुम्ही "पाचारण की मनाचा खेळ" असं दोनातलं एक निवडायला मागताय, आणि इथंच अडचण आहे, कारण तिसरी गोष्ट पण असते आणि तीच जास्त वेळा घडते. इच्छा चांगली असते, देवाला आवडणारी असते, तरी ते काम तुमच्या हातून, तुम्ही म्हणता त्या रूपात आणि तुम्ही म्हणता त्या वेळी व्हायचं नसतं. २ शमुवेल ७ काढून वाचा. दावीद राजाला वाटलं मी देवदारूच्या घरात राहतो आणि देवाचा कोश, म्हणजे कराराची पवित्र पेटी, तंबूत, मंदिर बांधूया. नाथान संदेष्टा म्हणाला जे मनात आहे ते कर, प्रभू तुझ्याबरोबर आहे. खरा संदेष्टा होता, खोटारडा नव्हता! आणि त्याच रात्री देवानं नाथानाला सांगितलं, जा आणि दावीदाला सांग की तू नाही, तुझा मुलगा बांधेल. पुढं शलमोन मंदिराच्या अर्पणाच्या वेळी आठवण काढतो की देव माझ्या बापाला म्हणाला होता, तुझ्या मनात हे आलं हे बरंच झालं. म्हणजे इच्छेला शाबासकी आणि कामाला नकार, दोन्ही एकाच तोंडून.

मग दावीदानं काय केलं? रुसला नाही. १ इतिहास २२ मध्ये त्यानं शलमोनासाठी दगड, लोखंड, पितळ, देवदारू गोळा करून ठेवलंय. मला पाचारण तपासायची यापेक्षा चांगली कसोटी माहीत नाही, आणि ती मी तुम्हाला आजच लावून बघायला सांगते. समजा उद्या कळलं की वाळव्यात दुसऱ्याच कुणीतरी, अगदी दुसऱ्या चर्चच्या लोकांनी किंवा चर्चशी काही संबंध नसलेल्या लोकांनी याच मुलांसाठी काम सुरू केलंय, तुमचं नाव कुठंच नाही. ऐकल्यावर पहिल्या क्षणी काय वाटेल? हायसं वाटलं, चला मुलांचं भलं झालं, मी पण जाऊन हात लावते असं वाटलं तर ओढ मुलांची आहे. पोटात खड्डा पडला तर त्यात स्वतःचं काहीतरी मिसळलंय. मिसळलं म्हणजे सगळं रद्द असं नाही हं, माणसाच्या मनात भेसळ असतेच, पण ती कुठं आहे हे ट्रस्ट काढायच्या आधी कळलेलं बरं. ट्रस्ट निघाल्यावर तीच भेसळ लेटरहेडवर छापून येते.

कन्व्हेन्शनमधल्या त्या संदेशाबद्दल. तो उडवून लावू नका, आणि लगेच डोक्यावरही घेऊ नका. प्रेषित पौलानं थेस्सलनीकाच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, हे दोन्ही एकाच दमात सांगितलंय, संदेश तुच्छ मानू नका, सगळं पारखा, चांगलं ते धरून ठेवा. आता शब्द नीट बघा. ब्रदर म्हणाले तुझ्याभोवती मुलं दिसतायत. होस्टेल दिसतंय असं ते म्हणाले नाहीत, नोकरी सोड असंही म्हणाले नाहीत, याच दिवाळीनंतर तर नाहीच नाही, हे सगळं तुम्ही घरी येईपर्यंत जोडलंय. प्रेषितांच्या कृत्यांत २१व्या अध्यायात अगब येतो, पौलाचा कमरपट्टा घेऊन स्वतःचे हातपाय बांधतो आणि सांगतो की यरुशलेमात या पट्ट्याच्या मालकाला असंच बांधतील. संदेश खरा होता. पण ऐकणाऱ्या सगळ्या मित्रांनी रडून अर्थ काढला की मग जाऊ नकोस, आणि पौलानं अर्थ काढला की मला तयार राहून जायचंय. एकच संदेश, दोन अर्थ, आणि दोन्हीकडं पवित्र आत्म्यानं भरलेली माणसं. तेव्हा काय दिसलं, त्याचा अर्थ काय आणि त्यावरून करायचं काय, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिली खरी असली म्हणून बाकीच्या दोन आपोआप खऱ्या होत नाहीत. तुमच्याभोवती मुलं ही मिरजेच्या लहान मुलांच्या वॉर्डातही असू शकतात, रविवारच्या शाळेतही असू शकतात, कोप्यांतही असू शकतात.

थकव्याबद्दल थोडं स्पष्ट बोलते, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या पत्रात पाचारण आणि नाइट ड्युटी शेजारी शेजारी बसलेत. थकलेल्या माणसाला नोकरी सोडायचं पवित्र कारण मिळालं तर ते फार गोड लागतं. संत इग्नेशियस लोयोला म्हणून कॅथलिक परंपरेत होऊन गेले, त्यांचं यातलं निरीक्षण आपण प्रोटेस्टंट लोकांनी पण शिकण्यासारखं आहे. १५२१ साली पांपलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं त्यांचा पाय मोडला, महिनोन्‌महिने अंथरुणात. पडल्या पडल्या मनात दोन प्रकारची स्वप्नं यायची, एक सरदारकीची, शौर्याची आणि एका उच्च घराण्यातल्या बाईची मर्जी मिळवायची, आणि दुसरं संतांसारखं देवाच्या मागं निघून जायचं. बघत असताना दोन्ही गोडच वाटायची. फरक नंतर कळायचा. पहिलं संपलं की मन कोरडं पडायचं, दुसरं संपलं तरी आनंद मागं राहायचा. यावरून ते शिकले की विचार येताना कसा वाटतो यापेक्षा तो गेल्यावर मागं काय ठेवून जातो ते बघायचं. आणि पुढं त्यांनी दोन्ही बाजूंनी सावध केलंय: मन उदास, कोरडं असेल तेव्हा आधी ठरवलेलं बदलायचं नाही, आणि मन भरून आलेलं असेल तेव्हा घाईनं देवाला वचनं देऊन टाकायची नाहीत. कन्व्हेन्शनच्या रात्री शपथ घ्यायची नाही आणि सलग नाइट केल्यावर सकाळी राजीनामा टाइप करायचा नाही, एवढं तर कुणालाही जमेल.

म्हणून एक वही करा. रोज लिहायची गरज नाही, या कामाबद्दल प्रार्थना केली की नंतर दोन ओळी, मन कसं राहिलं. त्या दिवशी ड्युटी कोणती होती तेही लिहा, मी मुद्दाम सांगतेय. काही महिन्यांनी तुम्हाला दिसेल की ओढ फक्त नाइटच्या आठवड्यात वाढते की सुट्टी, पगार, सगळं छान असतानाही तशीच राहते. हंगाम संपून कोप्या उठल्यावर, पावसाळ्यात, ती मुलं डोळ्यांसमोर नसताना पण राहते का ते बघा. आणि पैशाचं पण तसंच, मैत्रिणीची चर्च उद्या नाही म्हणाली तर ओढ किती उरते. वॉर्डातल्या त्रासावर इलाज ड्युटी बदलून मागणं, सुट्टी टाकणं, मेट्रनशी बोलणं हा आहे आणि तो वेगळा करा, या कामाच्या आडून करू नका.

बरं, घरचे. सासूबाईंचं वाक्य टोमणा म्हणून सोडून देऊ नका. पुढच्या वर्षी मुलगी दहावीत असणार, तेव्हा संध्याकाळी घरी कोण असणार हा प्रश्न त्या विचारतायत आणि तो अगदी बरोबर आहे. आणि मिस्टरांच्या गप्प बसण्याला होकार समजू नका, बऱ्याच बायका हीच चूक करतात, पुरुष तर त्याहून जास्त करतात. घराचा हप्ता असेल, मुलांची फी असेल, ते मनात हिशोब करत असतील. त्यांना "तुम्हाला पटतंय का" असं विचारू नका, त्याला ते हो किंवा हं म्हणतील. "तुम्हाला यात कशाची भीती वाटते" असं विचारा आणि मग मध्ये न बोलता ऐका. कृत्ये १६ मध्ये पौलाला रात्री दृष्टांत झाला, मासेदोनियाचा माणूस ये म्हणतोय. दृष्टांत एकट्याला झाला, पण पुढच्या वचनात शब्द आहे "आम्ही", आम्ही असं अनुमान काढलं की देवानं आम्हाला बोलावलंय. त्याच्याआधी आत्म्यानं त्यांना आशिया नावाच्या प्रांतात बोलू दिलं नाही, बिथुनियात जाऊ दिलं नाही, म्हणजे दोन दारं बंद झाल्यावर तिसरं उघडलं, तरी ते सगळे मिळून ठरवतायत. आणि अंत्युखियात बर्णबा आणि शौलाला, म्हणजे याच पौलाला, बाजूला काढायचं झालं तेव्हा उपास करणाऱ्या, प्रार्थना करणाऱ्या मंडळीनं हात ठेवून पाठवलं. आपल्याकडं हल्ली उलटं चाललंय, माणूस आधी बोर्ड लावतो, मग उद्घाटनाला मंडळीला बोलावतो.

पाळकसाहेब "थांब, प्रार्थना कर" म्हणाले. मला माहीत आहे, हे कधी कधी टाळण्यासाठीही म्हटलं जातं. म्हणून त्यांना अवघड वाटेल असं काहीतरी मागा. म्हणा साहेब, मला चार-पाच माणसं द्या, महिन्यातून एकदा तास-दीड तास बसायला. क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथात एक पद्धत आहे, एखाद्याला निर्णय घ्यायचा असला की काही जण त्याच्याबरोबर बसतात, सल्ला देत नाहीत, उपदेश करत नाहीत, फक्त प्रामाणिक प्रश्न विचारतात आणि शांत बसतात, माणसाला स्वतःलाच ऐकू यायला लागेपर्यंत. आपल्या लोकांना सल्ला न देता बसणं फार जड जातं, पण नियमच घाला. यात मिस्टर हवेत, महिला मंडळातल्या एखाद्या अनुभवी बाई हव्यात, हिशोब कळणारं कुणीतरी हवं, आणि एक माणूस असा हवा ज्याला ही कल्पना आवडलेली नाही. तो सगळ्यात महत्त्वाचा.

आता थांबायचं म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं का, तर मुळीच नाही, आणि इथं मला पाळकसाहेबांपेक्षा थोडं पुढं जाऊन बोलायचंय. नहेम्या बघा, परक्या राजाच्या पदरी नोकरीला होता. यरुशलेमची भिंत पडलीय हे त्याला हनानीनं येऊन सांगितलं किसलेव महिन्यात, आणि राजापुढं तो बोलला नीसान महिन्यात, म्हणजे साधारण चार महिने उपास, रडणं, प्रार्थना. पण राजानं विचारलं काय हवंय तेव्हा त्याची यादी तयार होती, अमुक अधिकाऱ्यांना पत्रं, राजवनाच्या रखवालदाराला लाकडासाठी पत्र. आणि नोकरी? त्यानं राजीनामा दिला नाही, ठरावीक मुदतीची रजा मागितली, २:६ वाचा. तिथं पोचल्यावर पण कुणाला न सांगता रात्री फिरून भिंत कुठं कुठं पडलीय ते स्वतः बघून आला आणि मगच लोकांना म्हणाला चला बांधूया.

तुमची भिंत तुम्ही अजून फिरून बघितलेली नाही ताई. गाडीतून एक मुलगी बघितलीय. या हंगामात आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, ऊसतोडवाल्यांच्या एका टोळीवर जा. एकट्या नको, मिस्टरांबरोबर किंवा महिला मंडळातल्या दोघींबरोबर, आणि आधी मुकादमाशी आणि गावातल्या आशाताईंशी बोलून. काही वाटू नका, फोटो काढू नका. बायकांशी बोला. त्या पहाटे अंधारात फडावर जातात, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एक जोडी, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते आणि खाडा केला तर पैसे कापले जातात, म्हणून मोठी पोरगी धाकट्याला सांभाळते आणि शाळा बुडते. त्यांना विचारा, तुम्हाला काय झालं तर बरं होईल. माझा अंदाज आहे की फार थोड्या आया म्हणतील आमची पोरं होस्टेलला घेऊन जा. काही म्हणतील पोरं गावाकडंच राहिली असती तर बरं, आजीजवळ किंवा सरकारच्या हंगामी वसतिगृहात. काही म्हणतील जवळच्या झेडपीच्या शाळेत घ्या म्हणावं, त्यासाठी शिक्षण हमी कार्ड असतं ते त्यांच्यापैकी कितीतरी जणींना माहीत पण नसेल. आणि तुम्ही नर्स आहात म्हटल्यावर तर विचारूच नका, लसीचा चुकलेला डोस, अंगात रक्त कमी, सातव्या महिन्यात ऊस तोडणारी बाई, कोयता लागलेली जखम. मला राहून राहून वाटतं की देवानं तुम्हाला इतकी वर्षं जे हातात दिलंय ते सोडून, ज्यातलं काहीच माहीत नाही ते होस्टेल चालवायला तो का सांगेल? सांगेलही, तो देव आहे. पण आधी हातातलं काय ते विचारतो, मोशेलाही तेच विचारलं होतं.

आणि एक, तुम्ही ख्रिस्ती आहात हे लपवू नका, कुणी विचारलं तर सरळ सांगा, पण मदतीला कसली म्हणजे कसलीच अट नको, प्रार्थनेला बसलं तरच गोळ्या असं नको. प्रभूनं दहा कुष्ठरोगी बरे केले, एकच परत आला, बाकी नऊ जणांचा रोग त्यानं परत पाठवला नाही.

होस्टेलबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. ज्यांना काळजी आणि संरक्षणाची गरज आहे अशी मुलं ठेवणारी संस्था बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे नोंदवावीच लागते, न नोंदवता चालवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. मग बाल कल्याण समिती, तपासणी, स्टाफ, रात्रीची जबाबदारी. आणि ही मुलं अनाथ नाहीत, आई-बाप फडावर आहेत, संध्याकाळी परत येतात. त्यांना आईपासून उचलून इमारतीत ठेवणं हा शेवटचा उपाय असतो, पहिला नाही. देणगीदारांना इमारत आणि मुलांचे फोटो आवडतात हे खरं आहे, म्हणूनच मैत्रीण तसं म्हणतेय, मनानं चांगलीच असेल ती, पण दानाची गरज आणि मुलाची गरज एकच असेल असं नाही.

बाहेरच्या पैशाबद्दल तर अगदी कडक राहा. परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए २०१० या परदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी किंवा आधी परवानगी लागते. नोंदणीसाठी साधारणपणे संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या तीन वर्षांत किमान १५ लाख कामावर खर्च केलेला लागतो, आणि पैसे यायचं खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उघडावं लागतं. तेव्हा "तुझ्या खात्यावर टाकते, तू मुलांसाठी वापर" असं ती म्हणाली तर स्पष्ट नाही म्हणा, प्रेमानं म्हणा पण नाही म्हणा. लूक १४ मध्ये बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशोब करतो, प्रभूनंच ते उदाहरण दिलंय, त्यामुळं हिशोब करणं म्हणजे विश्वास कमी असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. मी काही वर्षं एका ट्रस्टच्या कमिटीवर होते, तिथं प्रार्थना भरपूर व्हायची आणि ऑडिट वेळेवर व्हायचं नाही, शेवटी भांडण प्रार्थनेवरून नाही, व्हाउचरवरून झालं आणि मुलांना दुसरीकडं हलवावं लागलं. पुढं कधी ट्रस्ट कराच, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी, सोसायटी करायची तर किमान सात सभासद, आणि विश्वस्त सगळे एकाच घरातले घेऊ नका. मिस्टर, दीर, भाऊ अशी यादी झाली की तुम्हाला नाही म्हणणारं कुणी उरत नाही, आणि पारख करणं हे ट्रस्ट निघाल्यावर थांबत नाही, तिथून पुढं तर दर मीटिंगला लागतं.

तुम्ही म्हणाल काकू, असं सगळं तपासत बसलं तर मिशनचं एकही काम उभं राहिलं नसतं. तुमच्या मिरजेचंच बघा ना. डॉ. वॉनलेस १८८९ ला भारतात आले आणि मिरजेचं मेडिकल मिशन उभं राहिलं १८९४ ला. मधली वर्षं वाया गेली असं आज कुणी म्हणत नाही. आणि पंडिता रमाबाई? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या, तेव्हा परवानगीची वाट बघत बसल्या नाहीत, खरंय. पण त्यांचं बायकांसाठीचं शारदा सदन १८८९ पासून चालू होतं, पाठीमागं कमिटी होती, बायकांना शिकवायचा, सांभाळायचा अनुभव होता, म्हणून त्या झटकन उठू शकल्या. संकटात धावायला आधी पाय तयार असावे लागतात.

साताऱ्याचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, मिशनमध्ये वर्षानुवर्षं काम केलं, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात "देवाचा दरबार" सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले सगळेच येशूचे अनुयायी एकत्र यावेत म्हणून. १९१९ ला ते वारले. दरबार संस्था म्हणून काही मोठा झाला नाही. मग ते पाचारण नव्हतं का? मी तरी तसं म्हणणार नाही, त्यांची भजनं आपण आजही दर रविवारी म्हणतो आणि ती कुठल्या रजिस्टरमध्ये नोंदवलेली नव्हती. काम देवाचं आहे म्हणजे संस्था टिकेलच असं नाही, आणि संस्था टिकली म्हणजे काम देवाचं होतं असंही नाही, पन्नास वर्षं जुन्या पण आतून रिकाम्या संस्था आपण दोघींनीही बघितल्या असतील. म्हणून "देव यशस्वी करेल ना" हा प्रश्न पाचारण ओळखायला वापरू नका. आज ज्यांनी विश्वास ठेवलाय त्यांच्याशी, मुलांशी, नवऱ्याशी, देणगी देणाऱ्याशी मी खरी राहतेय का, हा वापरा.

तर आता एवढंच करा. राजीनाम्याचं पत्र मोबाईलमध्ये ड्राफ्ट करून ठेवलं असेल तर पुसा. मैत्रिणीला कळवा की एक हंगाम तरी पैसे नको, त्याऐवजी प्रार्थना करा आणि मला प्रश्न विचारा. मिस्टरांशी बोला, या आठवड्यातच, मुलं झोपल्यावर. पाळकसाहेबांकडं ती चार-पाच माणसं मागा. गळीत सुरू झालं की एक टोळी निवडा आणि ती उठेपर्यंत तीच ठेवा, दर आठवड्याला नवीन नको, ओळख व्हायला वेळ लागतो. हंगाम संपता संपता तुम्हाला दहा-बारा आयांची नावं, त्यांच्या पोरांची नावं आणि गावं माहीत असतील, आणि तेव्हा होस्टेल हवं की रविवारचा दवाखाना की शाळेत नाव घालून द्यायला एक माणूस, हे आत्तापेक्षा खूप स्पष्ट दिसेल. कदाचित दिसेल की हे काम करणारं आधीच कुणीतरी आहे आणि त्यांना एक नर्स हवीय.

एप्रिलमध्ये मला परत लिहा, वहीतलं काय निघालं ते पण लिहा, आणि जमलं तर मिस्टरांनाही त्यांच्या हातानं चार ओळी लिहायला सांगा, मला त्या वाचायच्यात.

तुमची
काकू